इंडिकेटरला कसली घाई?

प्रश्न : माझ्या गाडीचा डावा इंडिकेटर परवापासून दुप्पट वेगाने टिकटिकतोय. उजवा ठीक आहे. मेकॅनिक म्हणाला, बल्ब गेलाय. पण बल्ब गेला तर इंडिकेटर बंद पडायला हवा, धावायला कसा लागला? आणि बल्ब घरी बदलता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मेकॅनिकचं खरं आहे. ही घाई गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली असते. पुढचा आणि मागचा बल्ब साधारणपणे प्रत्येकी २१ वॅटचा. एक गेला की त्या बाजूचा वीजप्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. फ्लॅशरचं सर्किट ते ओळखतं आणि ठेका वाढवतं. मागचा दिवा विझलेला तुम्हाला दिसत नाही, पण टिकटिक कानाशीच असते! जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी याच प्रवाहाने तापून वाकायची. तिथे बल्ब गेला की उलट व्हायचं: इंडिकेटर रेंगाळायचा, नाहीतर नुसताच पेटून राहायचा.

बल्ब घरी जरूर बदला. चारही इंडिकेटर एकदम लावून गाडीभोवती फेरी मारा, म्हणजे गेलेला सापडेल. मग सगळं बंद करून बल्ब निवू द्या. मागचा असेल तर डिकी उघडून टेललाइटचे स्क्रू काढा, होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की हातात येतो. बल्ब थोडा आत दाबून फिरवायचा, नुसता ओढायचा नाही. पुढचा मात्र काही गाड्यांत चाकावरचं अस्तर काढल्याशिवाय हाती लागत नाही. तिथे मेकॅनिकला पैसे द्यावेत, हे माझं मत.

खरी फसगत दुकानात होते. दिव्याची काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी लागतो, काच नारिंगी असेल तर पांढरा. नारिंगी बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, किंचित सरकवलेल्या असतात, म्हणून चुकीचा बल्ब बसतच नाही. तेव्हा जोर न लावता जुना बल्ब दुकानात न्या. एलईडीचा मोह टाळा. तो इतका कमी प्रवाह घेतो की बऱ्याच गाड्यांत सर्किटला बल्ब गेल्यासारखाच वाटतो आणि टिकटिक पुन्हा धावते.

नवा बल्बही पेटला नाही, तर होल्डरमध्ये डोकावा. तुमच्याकडच्या दमट हवेत तिथे हिरवट गंज धरतो. बारीक पॉलिश पेपरने तो खरवडा आणि मग बल्ब लावून पाहा.