बूट फाटायच्या आधी बघ गो

अगं बायो, तू काल फोनवर सांगितलंस ते डोक्यातून जात नाहीये. बागेच्या चढावर फोर-व्हील टाकून वळलीस की पुढून कट-कट, आणि डांबरी रस्त्याला लागलीस की सगळं गप्प. गॅरेजवाला म्हणाला, काही नाही, चालव बिनधास्त. नको चालवूस. तुझ्या जुन्या सीआरडीई थारमध्ये टू-व्हीलवर असताना सगळी ताकद मागच्या चाकांना जाते, पुढच्या एक्सलच्या सीव्ही जॉइंटवर भारच नसतो. झिजलेला जॉइंटसुद्धा मग आवाज करत नाही. भार आला की बोलतो.

आत काय असतं ते एकदा समजून घे, म्हणजे गॅरेजात तुला कुणी गुंडाळणार नाही. चाक वरखाली होतं, वळतं, तरी त्याला फिरवणाऱ्या शाफ्टचा वेग एकसारखा राहावा लागतो. साध्या क्रॉसला ते जमत नाही. कोन वाढला की प्रत्येक फेऱ्यात त्याचा वेग दोनदा कमीजास्त होतो. १९२६ च्या सुमाराला आल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरनं त्यावर तोड काढली: सहा पोलादी बॉल, ते धरून ठेवणारा पिंजरा, आणि बॉल सरकायला आतबाहेर खाचा. चाकाकडचा आउटर जॉइंट बहुतेक गाड्यांत आजही याच घडणीचा असतो. खाचांत बॉलनं खड्डे पाडले की चाक पूर्ण वळल्यावर बॉल त्या खड्ड्यांवरून उड्या मारतो. तीच तुझी कट-कट.

पण खड्डे पडतात का? जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो म्हणून. त्या घड्याघड्यांच्या बुटात काळं ग्रीस भरलेलं असतं. बूट चिरला की चाकाच्या गरगरीनं ग्रीस बाहेर उडतं आणि आपली तांबडी माती आत शिरते. जांभ्याची बारीक धूळ उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये कालवली गेली की पॉलिश पेपरनं घासल्यासारखे बॉल झिजतात. पावसात पाणी गेलं की गंज वेगळा. बूट वेळेवर बदलला तर काम थोडक्यात आटपतं. जॉइंट गेला की खर्चाचा आकडाच बदलतो. म्हणून मिरगाच्या आधी, आंबा उतरला की लगेच, खाली वाकून बघायचंच. चाक पूर्ण वळव, टॉर्च घे आणि बुटाच्या घड्या बोटांनी उघडून बघ. चीर बहुतेकदा घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळे, चिकट शिंतोडे दिसले तर समजून जा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नकोस. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना अडसर आणि खाली स्टँड. हे मी तुला ताई म्हणून बजावतेय.

आता आवाजाची परीक्षा. रविवारी इकडे मिरजोळ्याला ये. एमआयडीसीच्या कडेला मोकळी मातीची जागा बघू. मातीवरच, डांबरावर नाही. फोर-हाय टाक, काच खाली कर, स्टिअरिंग पूर्ण कापून सावकाश गोल फिर, आधी डावीकडे, मग उजवीकडे. चाकाच्या वेगाबरोबर कट-कट वाढली तर आउटर जॉइंट. डावीकडे वळताना आवाज जास्त आला तर बहुधा उजवीकडचा, पण एवढ्यावरच विसंबू नकोस, बूट बघूनच ठरव. सरळ चढावर रेस दिल्यावर गाडी थरथरत असेल तर संशय इनर, म्हणजे डिफरन्शियलकडच्या जॉइंटवर. वळण असो नसो, वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घूं-घूं ऐकू आली तर आधी चाकाचं बेअरिंग तपासायला सांग. आणि गाडी पुढे-मागे घेताना ‘ठक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉससुद्धा बघायला हवा. नाहीतर चांगला जॉइंट बदलून आवाज तसाच राहायचा.

डांबरावर का नको म्हणते? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि थार, जिप्सी, जिम्नी यांना मधला डिफरन्शियल नसतो. चाकांना घसरायला जागा मिळाली नाही की सगळा पीळ शाफ्टवर आणि जॉइंटवर येतो, गाडी अडल्यासारखी होते. पावसाळा सुरू झाला म्हणून पक्क्या कोरड्या वळणावरही फोर-हाय ठेवून जाणारे मी रोज बघते, आणि जीव तुटतो गो. तसंच, चाक चिखलात रुतलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना रेस देऊ नकोस. त्या कोनात जॉइंट सगळ्यात नाजूक असतो. आधी चाक सरळ कर. गाडी उंच करून घेण्याचा विचारही आता सोड. शाफ्टचा कोन कायमचा वाढतो आणि बूट लवकर फाटतात. भाट्याच्या किंवा आरे-वारेच्या वाळूत गेलीस तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्यानं धू, नाहीतर खारानं बुटाच्या पट्ट्या गंजतात.

तुझ्या नणंदेची जिप्सी आहे ना, तिला सांग, तिच्या गाडीत हा बूट शोधून सापडायचा नाही. तिथे जॉइंट चाकाजवळच्या गोल लोखंडी घरात बंद असतो. तिनं त्या घराच्या सीलमधून ग्रीस-ऑइल पाझरतंय का ते बघावं.

गॅरेजात उभी राहा, लाजू नकोस. बूट किट आणि सीव्ही जॉइंटचं काळं मोली ग्रीस मागायचं, चॅसिसचं साधं पिवळं ग्रीस भरू द्यायचं नाही. किटमध्ये जेवढं येतं तेवढंच, आणि जुनं ग्रीस केरोसीननं पूर्ण काढून, सुकवून मगच. हबचा नट नवा. शाफ्ट काढलाच तर डिफरन्शियलचं ऑइल सील बघून घ्यायचं आणि ऑइलची पातळीही. ‘नुसतं ग्रीस मारतो, आवाज जाईल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. आवाज चार दिवस दबतो आणि खड्डे तिथेच राहतात.

जॉइंट उघडला की बॉल फडक्यानं पुसून हातात घे, खाचेवरून नख फिरव. नख अडलं तर जॉइंट नवा टाक. गुळगुळीत लागलं तर बूट आणि ग्रीसवर भागेल. तोवर क्रेटनी भरलेली गाडी त्या चढावर घालू नकोस, दादाचा टेम्पो माग.