फाइल घरी ठेवून नागपूरला जा

पोरी, नागपूरला एका दिवसात जाऊन येते म्हणतेस ना? जा. पण आपल्या दरेकसाचा माणूस नागपूरला जातो तो हातात फाइल घेऊन. कोणाचा एक्स-रे, कोणाची कोर्टाची तारीख, कोणाचा जातीचा दाखला. मी तीस वर्षं रुळांवर घण मारला, पास खिशात होता, तरी चाळिशी उलटेपर्यंत मला नागपूर म्हणजे दवाखान्याचा वऱ्हांडा आणि त्याच्या बाहेरचा चहावाला एवढंच ठाऊक होतं. शेवटी आमचा मुकादमच खेकसला, "फुकटचा पास हाय तं एक डाव बिनकामाचा जाऊन ये ना बा!" पुढे सांगतो त्यातलं निम्मं त्याचं आहे आणि निम्मं माझ्या पायांनी शिकलेलं.

आधी गाडीचं. मोठ्या गाड्या आपल्या फलाटावरून धूळ उडवत निघून जातात, त्यांच्याकडे बघत बसू नकोस. सकाळची मेमू पकड, गोंदियाला उतर आणि तिथून पुढची गाडी घे. गोंदिया ते नागपूर 130 किलोमीटर. गोंदियाला शक्यतो तिथूनच सुटणारी गाडी बघ. हावड्याकडून येणारी गाडी थंडीत कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. आणि पहाटेच्या अंधारात चुकीच्या दिशेच्या डब्यात चढलीस तर ओळखायचं कसं? बोगदा आला की समज, गाडी बोरतलावकडे चालली. तुझी आजी एकदा अशीच गेली होती. रडत बसली नाही, डोंगरगडला उतरली, बमलाईचं दर्शन घेतलं, पायथ्याशी भजी खाल्ली आणि संध्याकाळी परत आली. वर मलाच म्हणाली, नागपूरपेक्षा बरं झालं.

जाताना इंजिनाकडे तोंड केलंस की डावा हात येतो त्या बाजूची खिडकी धर. गाडी पश्चिमेला जाते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, म्हणजे ऊन डावीकडूनच येणार. उजवीकडे बसलेले लोक गोंदियापर्यंत काकडतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चाबीवाला म्हणून रोज पहाटे रूळ तपासत चाललो, तेव्हा कोणत्या बाजूचं दव आधी सुकतं ते बघून कळलं.

एकच जाड स्वेटर घालू नकोस. आपल्या जंगलातली पहाट हाडात शिरते, पण दुपारी बाराला तेच स्वेटर ओझं होतं. मग ते हातात येतं आणि हातातली वस्तू गाडीत राहते. दोन पातळ कपडे आणि वर आजीची शाल ने. शाल अंगावर घेता येते, बाकावर अंथरता येते, परतताना तिच्यात संत्रीही बांधता येतात. सोबत तांदळाची भाकर आणि ठेचा घे. तिरोड्यानंतर वैनगंगेचा पूल लागतो. पाण्यावर वाफ धरलेली असते. तेव्हा मोबाइल खाली ठेव.

आता वार. सोमवारी जाऊ नकोस, त्या दिवशी अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, बंद असतो. डिसेंबरात जाणार असशील तर हिवाळी अधिवेशन चालू आहे का ते विचारून घे. त्या दिवसांत रस्ते अडवलेले असतात, पाच मिनिटांच्या वाटेला तास लागतो. आणि सीताबर्डीचा किल्ला आतून बघायचा असेल तर 26 जानेवारीलाच जा. लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजून तीन दिवस उघडतो. बाकीचे दोन म्हणजे 1 मे आणि 15 ऑगस्ट. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकडीवर लढले. दोन दिवसांत निकाल लागला आणि नागपूरचं राज्य नावापुरतं उरलं. 1853 मध्ये तेही गेलं.

पण टेकडीच्या आधी महाल या जुन्या वस्तीत जा, हे माझं ऐकच. आपल्याला शाळेत नागपूर म्हणजे भोसल्यांचं, एवढंच शिकवलं. भोसले नंतर आले. हे गाव वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, 1702 च्या सुमाराला, बारा वाड्या जोडून. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, भोवती तट बांधला आणि तलाव खोदला. ज्याला आज गांधी गेट म्हणतात तो त्या तटाचा जुम्मा दरवाजा, आणि शुक्रवारी तलाव म्हणजे तोच जुम्मा तलाव. माघ पौर्णिमेला कचारगडावर लाखो माणसं आपल्या दारावरून पारी कुपार लिंगोच्या गुहेकडे जातात, तेव्हा तू त्यांना पाणी देतेस. त्याच लोकांच्या राजाने हे शहर मांडलं. दरवाज्याखाली उभी राहा आणि वर बघ. रिक्षावाले ओरडतील. ओरडू दे. गोंडराजाची जुनी वास्तू जवळच आहे. तिथे माणसं राहतात, तेव्हा बाहेरूनच बघ.

म्हणूनच सांगतो, इतवारीला जाणारी गाडी मिळाली तर तीच घे. मोठ्या नागपूर स्टेशनला उतरलं की माणूस आधी सीताबर्डीच्या दुकानांत शिरतो आणि तिथेच दिवस संपतो. इतवारीहून महाल जवळ. तिथे तर्रीपोहे खा, पण तर्री वेगळी माग. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं तर पुढचा दिवस वाया. मग चितार ओळीच्या स्टेशनातून मेट्रोने सीताबर्डी गाठ. वरून जुनं गाव दिसतं.

झिरो माइलचा खांब आणि त्याचे चार घोडे बघशील, फोटो काढशील. ते झालं की शेजारी गोवारी शहीदांचं स्मारक आहे, तिथे चप्पल काढून दोन मिनिटं थांब. 23 नोव्हेंबर 1994, अधिवेशनाचे दिवस. मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण गेले. आपल्या भंडारा-गोंदियाकडचेही होते, तेव्हा जिल्हा एकच होता. ती माणसंही सकाळी अशीच भाकर बांधून निघाली होती. तेव्हापासून गर्दी दिसली की मी भिंतीच्या कडेने चालतो, मधोमध नाही. तूही तसंच कर.

दीक्षाभूमी या फेरीत नको. 14 ऑक्टोबर 1956 ला जिथे लाखो माणसांनी आयुष्य बदललं, तिथे गाडीच्या वेळेकडे बघत जायचं नसतं. तिच्यासाठी वेगळा दिवस काढ. अजब बंगल्याला वेळ उरला तर जा. 1863 चा आहे, आणि आत आपल्याकडच्या आदिवासींच्या वस्तूही आहेत. तुझ्या घरात होत्या आणि आपण भंगारात घातल्या, अशा काही काचेत दिसतील.

संत्री घेताना रंगावर जाऊ नकोस. आकाराच्या मानाने हातात जड लागेल तेच घे. साल फुगलेली असेल तर आत कोरडं. आणि सगळी संत्री दुपारीच घेऊन ओझं वाहू नकोस.

परतीची गाडी मात्र सकाळीच ठरव. नागपूरहून निघणारी नाही, गोंदियाहून दरेकसाकडे येणारी शेवटची. ती वेळ आधी विचार आणि तिथून उलटी मोजत ये. नागपूर-गोंदियाला चार गाड्या मिळतात. गोंदियाच्या पुढे रात्री तुला बाकडं आणि मच्छर. मध्येच गाडी लूपवर घेतली आणि मालगाड्या पुढे निघाल्या तर तासभर जातो, तोही धर. नागपूर स्टेशनची ती दगडी इमारत 1925 ची आहे. गाडीची घाई नसेल तर तिच्याकडेही एकदा मान वर करून बघ.

आपला फलाट बुटका आहे. उतरताना आधी संत्री खाली दे, मग तू उतर. मी टॉर्च घेऊन उभा असेन.