पिकअपचा हौदा : आखूड की लांब?

मागच्या धड्यात आपण कर्जाचा कागद वाचायला शिकलो. आता कर्ज मंजूर झाले, घरच्यांचे बोलणे झाले, पिकअप घ्यायची ठरली. दुकानात गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो, "हौदा केवढा पाहिजे?" एकाच जातीच्या पिकअपमध्ये कुठे ८ फुटी, कुठे ९ फुटी, कुठे १० फुटी हौदा मिळतो. छोटा हत्ती म्हणून जी गाडी २००५ सालापासून गावोगाव फिरते, तिचा हौदा सुमारे ७ फुटांचा आहे. पुष्कळ लोक म्हणतात, "घ्यायचीच तर मोठी घ्या. माल जास्त बसेल." दुकानदारही मान डोलावतो. मोठी गाडी खपली तर त्याचे काय बिघडते?

पण मंडळी, हौदा मोठा म्हणजे माल जास्त, हे खरे नाही. ते का खरे नाही, ते नीट बघू या. यात एकदा चूक झाली की पाच वर्षे हप्ते भरत बसावे लागते.

गाडीत माल किती भरायचा हे हौद्यावर ठरत नाही. ते गाडीच्या वजनावर ठरते. प्रत्येक गाडीच्या आरसी बुकात दोन आकडे असतात. एक आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा. दुसरा आकडा माल भरून गाडीचे जास्तीत जास्त किती वजन चालेल त्याचा. आता आपल्याला आकडे वाचता येतात, तेव्हा हे दोन आकडे दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः बोट ठेवून वाचा. दुसऱ्यातून पहिला वजा करा. समजा, भरलेल्या गाडीचा आकडा ३,००० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचा १,७०० किलो आहे. वजाबाकी केली की १,३०० किलो उरतात. ड्रायव्हर आणि बरोबरचा माणूस यांचे वजनही यातच धरायचे. दोघांचे मिळून १४० किलो धरले, तर मालासाठी राहिले १,१६० किलो. हौदा ८ फुटांचा असो की १० फुटांचा, आकडे हेच असतील तर माल १,१६० किलोच. उलट लांब हौद्याला लोखंड जास्त लागते. म्हणून एकाच ताकदीच्या दोन गाड्यांत लांब हौद्याची गाडी रिकामी असतानाच थोडी जड भरते, आणि तेवढा माल कमी होतो.

हा हिशेब टोमॅटोच्या कॅरेटवर करून पाहू. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो कॅरेटनेच जातो. कॅरेट सगळीकडे एका मापाचे नसते, म्हणून आपले कॅरेट आपण टेपने मोजावे. इथे आम्ही २४ इंच लांब आणि १६ इंच रुंद कॅरेट धरले आहे. माल भरून एका कॅरेटचे वजन २२ किलो धरले आहे. हौद्याची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच. आडवी चार कॅरेट बसतात. ८ फुटी हौद्यात लांबीला चार बसतात. म्हणजे एका थरात १६. १० फुटी हौद्यात लांबीला पाच बसतात, म्हणजे एका थरात २०.

आता १,१६० किलोला २२ ने भागा. ५२ कॅरेट येतात. आखूड हौद्यात ही ५२ कॅरेट म्हणजे तीन थर भरून वर चार. लांब हौद्यात दोन थर भरून तिसऱ्यात बारा. कॅरेट तेवढीच, पट्टी तेवढीच! लांब हौद्यात थर कमी झाला, माल खाली बसला, वळणावर गाडी कमी डुलली, एवढा फायदा मात्र झाला. तो लहान नाही.

पण लांब हौद्यात दोन थर भरून तिसऱ्यात बारा लावून कोण थांबतो? मोकळी जागा माणसाला गप्प बसू देत नाही. शेजारी म्हणतो, "माझीही दहा घ्या की." भाऊ म्हणतो, "थर पुरा करा." थर पुरा झाला की कॅरेट झाली ६०, माल १,३२० किलो. दोन माणसे धरून १,४६०. म्हणजे १६० किलो जादा. चौथा थर लावला तर ८० कॅरेट, आणि वजन ठरल्यापेक्षा ६०० किलो जादा. ब्रेक लवकर लागत नाही, पाटे बसतात, टायर तापतात. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

शिवाय दंड आहे. मोटार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीत ठरल्यापेक्षा जादा वजन भरल्यास २०,००० रुपये आणि जादा दर टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच. माल हौद्याच्या बाहेर डोकावत असेल तरीही २०,००० रुपयांचा दंड कायद्यात आहे.

आता वजनदार माल आणि फुगीर माल यांतला फरक बघा. साऱ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

वाळू, खडी, सिमेंट, खत, कांदा, ऊस हा वजनदार माल. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट. तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. मग आपले १,१६० किलो म्हणजे साधारण २६ घनफूट वाळू. ८ फुटी हौद्यात ती पसरली तर थर किती होईल? सात इंच. वीतभरसुद्धा नाही! वरचा सगळा हौदा रिकामा दिसतो, पण गाडी पुरी भरलेली असते. सिमेंटची पोती ५० किलोची. ती २३ झाली की गाडी भरली. कांदा लासलगावच्या बाजारात मोकळाच नेतात. तोही आखूड हौद्यात दोन फुटांच्या आतच वजन पुरे करतो. असा माल ज्याचा रोजचा आहे, त्याने १० फुटी हौद्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे आम्हाला तरी कळत नाही.

कडबा, वैरण, कापूस, बांबू, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, रिकामी कॅरेट, कोंबड्यांचे पिंजरे, मंडपाचे सामान, लग्नाचे रुखवत आणि कपाटे, हा फुगीर माल. याने हौदा आधी भरतो, वजन मागे राहते. कडब्याची गाडी तुम्ही पाहिलीच आहे. दोन्ही अंगांनी पेंढ्या बाहेर आलेल्या, मागून येणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पुढून येणारा बाजूला होतो. इथे लांब हौदा खरा उपयोगी. तेवढाच कडबा आत मावतो, उंची कमी राहते, पेंढ्या बाहेर येत नाहीत. दुधाच्या कॅनचेही तसेच. भरलेले कॅन एकावर एक रचता येत नाहीत. म्हणून तिथे हौद्याचा तळ मोजायचा. कॅन शेजारी शेजारी उभे करून किती बसतात ते बघा, मग त्यांचे वजनही करा. दोन्हींत जो आकडा लहान येईल तो खरा.

जनावरांचा नियम निराळा आहे. गाय किंवा म्हैस नेताना प्रत्येकीला २ चौरस मीटर, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट जागा द्यावी लागते. आरटीओची वेगळी परवानगी लागते आणि हौद्यात आडोसे लागतात. साडेपाच फूट रुंदीच्या ८ फुटी हौद्यात ४४ चौरस फूट जागा, म्हणजे दोन जनावरे. १० फुटी हौद्यात ५५ चौरस फूट. तिथेही दोनच!

काहीजण म्हणतात, "आम्हाला पाईप न्यायचे असतात, म्हणून लांब हौदा हवा." पीव्हीसी पाईप २० फुटांचा असतो. तो ८ फुटांतही मावत नाही आणि १० फुटांतही मावत नाही. फाळका उघडून मागे सोडला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या छातीशी येतो. वर्षातून एकदा पाईप आणायचे असतील तर त्या दिवशी मोठा टेम्पो भाड्याने करावा. एका दिवसासाठी कोणी वर्षाची गाडी घेत नाही. घराच्या पत्र्यांचे मात्र बघा. १० फुटी पत्रा १० फुटी हौद्यात सपाट झोपतो. पत्र्याचा किंवा प्लायवूडचा धंदा असेल तर लांब हौदा घ्या, त्यात वाद नाही.

आता रस्त्याचे बोलू. शहरातल्या माणसाला पाणंद म्हणजे काय ते ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे. दोन्हीकडे बांध, मधे चाकोरी, पावसाळ्यात चिखल. लांब गाडीला वळायला जास्त जागा लागते. १० फुटी हौद्याची पिकअप साधारण १७ फूट लांब असते. तुमच्या शेताच्या वळणावर ती एका दमात वळेल का? गावातल्या बोळातून निघेल का? अंगणात उभी राहील, की रात्री रस्त्यावर ठेवावी लागेल? घेण्याआधी ओळखीच्या कोणाची तेवढीच गाडी एकदा शेतापर्यंत नेऊन पाहा. डिझेलचे पैसे आपण द्यावेत. पाणंदीतून पाऊण मैल मागे मागे यावे लागले, तर तिथल्या तिथे उत्तर मिळते.

आणखी एक गोष्ट बैलगाडीवरून समजते. बैलगाडीत मागे जास्त माल टाकला की गाडी उलाळ होते. जू वर उचलते, बैलांच्या मानेला फास बसतो. पिकअपचेही तसेच. काही गाड्यांत हौदा लांब केलेला असतो, पण मागची चाके तेवढी मागे नेलेली नसतात. मग हौद्याचे शेपूट चाकांच्या मागे लोंबते. जड माल त्या शेपटावर ठेवला की पुढची चाके हलकी होतात, आणि चाक फिरवले तरी गाडी हवी तशी वळत नाही. म्हणून जड माल मागच्या चाकांच्या थोडा पुढे ठेवावा आणि दोरीने आवळून बांधावा. लांब हौद्यात थोडा माल मोकळा टाकला तर तो ब्रेक लावताच पुढे धावतो. दुकानात गाडी बघताना मागच्या चाकापासून हौद्याच्या टोकापर्यंतचे अंतर टेपने मोजा. शेपूट कमी ती गाडी बरी.

आखूड हौद्याची गाडी घ्यायची आणि मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन फूट वाढवून घ्यायचा, असाही एक विचार निघतो. तो करू नका. कारखान्याने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय असा बदल करायला मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बोट दाखवते.

हौदा लांब असला की वऱ्हाड बसवायचा मोह होतो, जत्रेचाही होतो. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. अशा फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. मग भरपाई कोण देणार? गाडीमालक. म्हणजे शेत विकून.

मग घ्यावी कोणती? आमचे मत विचाराल तर असे आहे. स्वतःच्या शेताचा माल, तोही बहुतेक कांदा, टोमॅटो, खत असा, आणि रस्ता पाणंदीचा, तर आखूड हौदा पुरे. उरलेले पैसे विम्यात आणि टायरांत घाला. भाड्याचा धंदा करायचा, आज कडबा, उद्या कपाटे, परवा मंडप, आणि गाडी डांबरी रस्त्यावरच फिरणार, तर लांब हौदा. पण मग गाडीची वजनाची ताकदही मोठी घ्या. हौदा लांब आणि ताकद कमी, हे जोडपे जमत नाही. अधेमधे असाल तर ९ फुटी हौद्याची गाडी बघा. तिच्याकडे लोक फार लक्ष देत नाहीत, पण पुष्कळांचे काम तिच्यावर भागते.

तरीही ठरत नसेल तर एक महिना थांबा. एक वही करा. रोज काय माल नेला, किती किलो नेला, आणि हौद्यात जागा उरली की कमी पडली, एवढे तीन रकाने लिहा. भाड्याच्या गाडीने नेला असेल तरी लिहा. काट्याची पावती वहीत चिकटवा. घरातल्या बाईमाणसांनाही विचारा. वैरण किती वेळा आणली आणि शेणखत किती वेळा नेले, हे त्यांच्या ध्यानात पुरुषांपेक्षा जास्त असते.

हिशेब करून पाहा

१. एका गाडीच्या आरसी बुकात भरलेल्या गाडीचे वजन ३,४०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,७०० किलो आहे. दोन माणसांचे १४० किलो वजा केले, तर २२ किलोची किती कॅरेट नेता येतील? ८ फुटी हौद्यात त्यांचे किती थर होतील? १० फुटी हौद्यात किती?

२. त्याच गाडीत ५० किलोची सिमेंटची किती पोती न्यावीत?

३. तुमच्या घरापासून शेतापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत अरुंद जागा दोरीने मोजा. आकडा वहीत लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या.