दिवा घालवण्याआधी

अगं, महिनाभर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा समोर घेऊन गाडी चालवतेयस आणि मला आत्ता सांगतेस! असो. आधी एक सांग, दिवा स्थिर असतो की लुकलुकतो? स्थिर असेल तर जीव टांगणीला लावू नकोस, रविवारपर्यंत थांबलीस तरी चालेल. पण तो लुकलुकायला लागला आणि गाडी झटके मारायला लागली, तर रेस कमी कर आणि बाजूला घे. गाडी मिसिंग करते तेव्हा न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा मुलामा असतो, म्हणजे खर्चाचा अंदाज कर. आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर मात्र मला फोन करण्याआधी इंजिन बंद कर.

आता तुझ्या त्या गॅरेजवाल्याचं. त्याने बॅटरीची वायर काढून परत लावली, दिवा गेला, तू पैसे दिलेस आणि आठवड्यात दिवा परत आला. येणारच होता. वायर काढली की गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला जातो, बिघाड मात्र होता तिथेच राहतो. बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच गाडी दिवा लावते, म्हणून मधले दिवस शांततेत जातात. शिवाय कोडसोबत एक नोंद असते: दोष पकडला तेव्हा वेग किती, आरपीएम किती, इंजिन गार होतं की तापलेलं. तीही गेली. तेव्हा यापुढे कोड लिहून घेतल्याशिवाय कुणालाही तो पुसू देऊ नकोस.

त्यासाठी एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर घे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्रदूषणाचे बीएस-४ नियम देशभर लागू झाले १ एप्रिल २०१७ ला, तुझी गाडी त्यानंतरची, त्यामुळे स्कॅनर लावायचा पोर्ट असणारच. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर हात घालून चाचप, १६ पिनांचा सॉकेट लागेल. त्यात स्कॅनर लाव, इग्निशन चालू कर, मोबाइलवर अ‍ॅप उघड, कोडचा फोटो काढून ठेव.

समज, पी०१७१ आला. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. यावर दहातले निम्मे मेकॅनिक म्हणतील, ‘मॅडम, ऑक्सिजन सेन्सर गेला.’ गेला असेलही, पण बहुधा तो आपलं काम चोख करत असतो. घरात धूर झालाय हे सांगायला आलेल्या शेजारणीलाच हाकलून देण्यातला प्रकार आहे हा.

त्याच अ‍ॅपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे दोन आकडे दिसतात, एक क्षणोक्षणी हलणारा आणि एक सावकाश बदलणारा. हवा-पेट्रोलचं गणित जुळवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात कळतं. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १०च्या आत असेल तर ठीक. २०-२५च्या आसपास गेली की दिवा लागतो. इंजिन तापल्यावर गाडी उभी ठेवून आयडलवर आकडे बघ, मग रेस वाढवून २,५०० आरपीएमवर धरून परत बघ. आयडलवर मोठा आकडा आणि रेस दिल्यावर तो उतरला, तर कुठेतरी चोरून हवा आत शिरतेय: फाटलेला होस, सुकलेलं गॅस्केट. कारण आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत ओढ जबरदस्त असते, आणि एरवी हवा थोडी म्हणून एवढीशी गळतीही मोठी ठरते. उलट चढावर, जोर लागतो तेव्हा आकडा चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाहीये. मग पंप, फिल्टर, इंजेक्टर बघायचे. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आधी पेट्रोलवर बघ, मग गॅसवर. गॅसवरच बिघडत असेल तर किटचं ट्यूनिंग करून घे, इंजिन खोलू देऊ नकोस.

पी०३०२ आला तर त्याहून सोपं. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. गाडी गार असताना, इग्निशन बंद करून, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची. मग कोड पुसून गाडी फिरवायची. पुढच्या वेळी पी०३०३ आला तर कॉइलच खराब. दोनवरच राहिला तर प्लग बघ, मग इंजेक्टर. हे तुझ्यासमोर करायला सांग, पंधरा मिनिटांचं काम आहे.

अमेरिकन व्हिडिओ बघून पेट्रोलच्या टाकीचं झाकण आवळत बसू नकोस. तिकडच्या गाड्या टाकीतल्या वाफेची गळती शोधतात, आपल्या छोट्या गाड्यांत बहुतेक ती सोयच नसते. त्यापेक्षा बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघ. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर किती, तुला ठाऊक आहे. कुरतडलेली एक बारीक वायरसुद्धा महागड्या सेन्सरसारखाच कोड देते.

गॅरेजमध्ये गेलीस की ‘दिवा घालवा’ म्हणू नकोस. ‘कोड हा, आयडलवर आकडा हा, आधी गळती तपासा’ असं म्हण. बाई एकटी आलीय म्हणून वरवर बोलणारा माणूस आकडा ऐकून जरा सरळ होतो, हे मी बघितलंय. पार्ट बदललाच तर जुना डिकीत टाकायला सांग, आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घे, नुसतं ‘इंजिन वर्क’ नको.

बरं, तो कोड आला की फोटो मला पाठव. गॅरेजला फोन त्यानंतर.