‘एएनए’ पॉझिटिव्ह म्हणजे यकृताचा आजारच का?

प्रश्न : चाळिशीतील स्त्रीची ‘एएनए’ चाचणी पॉझिटिव्ह आल्यास यकृताचा स्वयंप्रतिरोधी आजार निश्चित समजावा काय? (एक वाचक, तामलवाडी, जि. धाराशिव)

उत्तर : नाही. एएनए, म्हणजे पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे, निरोगी स्त्रियांतही आढळतात. म्हणून हिपॅटायटिस बी व सी यांचा संसर्ग आणि औषधांचा, काढ्यांचासुद्धा, दुष्परिणाम नाही याची खात्री करून, आयजीजी हे प्रथिन वाढले आहे काय ते पाहून आणि बायोप्सीत यकृताचा सूक्ष्म तुकडा तपासूनच स्वयंप्रतिरोधी यकृतदाहाचे निदान केले जाते. ‘पीबीसी’ या प्रामुख्याने स्त्रियांना होणाऱ्या, यकृतातील बारीक पित्तनलिकांच्या आजाराची गोष्ट निराळी : त्यात सुमारे ९० ते ९५ टक्के रुग्णांत एएमए, म्हणजे तंतुकणिकांविरुद्धची प्रतिपिंडे, सापडतात आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही सतत वाढलेले असल्यास बायोप्सी सहसा लागत नाही. सर्व अहवाल सोलापुरातील पोटविकारतज्ज्ञांना दाखवावेत. केवळ एएनएवरून स्टेरॉइड सुरू करू नयेत.