कूलर: पाणी आणि वीज एकाच पेटीत

विदर्भातल्या आर्णीत होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. एसी आता इथेही दिसू लागले आहेत, पण मे महिन्यातली दुपार बहुतेक घरांत अजून पत्र्याच्या कूलरवरच निघते. थंडीसाठी वेगळं यंत्र इथे लागत नाही, दुलई पुरते. म्हणून ही यादी कूलरची. तिच्यात गारव्याच्या सूचना कमी आणि जिवाच्या जास्त आहेत. लोखंडी पेटी, तिच्यात भरलेलं पाणी आणि त्या पाण्यातच बुडालेला विजेचा पंप. त्यातून तिला हात लावणारा माणूस बहुधा अनवाणी आणि ओल्या फरशीवर उभा. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, ती यातूनच.

लावण्याआधी

करा: ताट्या बदलण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला बोलवा. तो फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहील. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग कमजोर आहे असं समजा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल खोल जाते आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग नेमकं एप्रिल-मे महिन्यात दगा देतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतत राहा. काम बादलीभर पाण्याचं आहे, तरी फार थोड्या घरांत होतं.

करा: तीन तारांची सलग वायर आणि थ्री-पिन प्लग. हिरवी तार कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट जोडलेली असावी, रंगावर नव्हे, खरवडलेल्या पत्र्यावर.

करा: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडतो. माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह त्याच्या हिशेबात इतका किरकोळ असतो की तो जागचा हलत नाही. आरसीसीबी मात्र गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडतो. नव्या ताट्यांपेक्षा तो महाग पडतो, तरी आधी तो घ्या.

करा: टाकीचा गंज खरवडा, भोकं बुजवा, आतून डांबर मारा, पूर्ण वाळू द्या. पंपाची जाळी धुवा. मोटर मंद फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. नवी मोटर घ्यायची घाई नको.

टाळा: प्लग नाही म्हणून वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून माचिसच्या काडीने दाबणं. आर्णीतच काय, जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे दृश्य दिसेल.

टाळा: अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थिंगच्या पिनेशी जोडणं. काही कारागीर हे ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने करून देतात. न्यूट्रल कुठे तुटली की कूलरच्या अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

टाळा: रबरी बूट किंवा लाकडी पाट कूलरखाली ठेवून ‘आता शॉक लागत नाही’ असं मानणं. उलट त्याने करंट जमिनीत न जाता पत्र्यातच तुमची वाट पाहत थांबतो.

रोजच्या वापरात

करा: पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. दोन्ही करा, नुसत्या बटणाने भागत नाही, कारण स्विच चुकून न्यूट्रलवर असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. महावितरण दर उन्हाळ्यात हेच सांगतं. प्लास्टिकच्या कूलरलाही हाच नियम. पेटी प्लास्टिकची असली तरी पंप पाण्यातच असतो.

करा: समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. एसीची सवय झालेले पाहुणे येऊन सगळं बंद करतात आणि तासाभरात अंग चिकट झालं म्हणून कूलरला नावं ठेवतात. कूलर हवेत ओल सोडतो. ती ओल बाहेर गेली तरच पुढची हवा गार होते. 44 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या ओल्या ताटीतून 30 अंशांच्या आसपास उतरते. हीच करामत दमट खोलीत होत नाही.

करा: आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. बंद करताना आधी पंप बंद करून पंखा थोडा वेळ चालू ठेवा. ताटी सुकते आणि कुबट वास धरत नाही.

टाळा: टाकी कोरडी असताना पंप चालू ठेवणं. पंप जळतो.

टाळा: पाण्यात फिनाइल किंवा अत्तर टाकणं. जे टाकीत टाकाल ते रात्रभर छातीत जाईल. सुगंध हवा असेल तर वाळ्याची ताटी लावा.

टाळा: कूलरवर ओले कपडे वाळत घालणं, मुलांना त्याच्या जाळीशी खेळू देणं.

कोणी कूलरला चिकटलंच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने दूर करा, मग दवाखाना.

आठवड्यातून एकदा

करा: टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी ठेवा, मग भरा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. घासणीने घासायचंच.

याच कामाने ताट्याही टिकतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. बोअरचं जड पाणी रोज वरून भरत गेलो की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होतं आणि महिन्याभरात ताटीवर पांढरा थर बसतो. तो थर बसला की तिथून हवा जात नाही. टाकीतलं जुनं पाणी उकिरड्यावर नको, अर्थिंगच्या खड्ड्यात ओता. क्षारांमुळे ते तिथे साध्या पाण्यापेक्षा कामाचंच आहे.

टाळा: ‘नळ आले नाहीत, पाणी वाया कसं घालवू’ म्हणून तीच टाकी तीन आठवडे चालवणं. पाणी तुटवड्याचं असेल तर टाकी अर्धीच भरा, पण बदला.

एसी असणाऱ्यांसाठी दोनच ओळी: दर पंधरवड्याला फिल्टर धुवा आणि बाहेरचं युनिट सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. तापमान 18 वर लावून दुलई घेण्यात शहाणपण नाही. 2020 पासून नवे एसी मुळातच 24 अंशांवर सुरू होतील असा सरकारी नियम आहे, तो विचार करूनच केला आहे.

मृगानंतर

हवा दमट झाली की कूलर उपयोगाचा राहत नाही. पण तो खिडकीलाच टांगलेला राहतो, आणि डेंग्यूचा खरा हंगाम तर पावसाळ्यातच असतो. उन्हाळाभर दर रविवारी टाकी घासणाऱ्या घराच्या मागच्या खिडकीत ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी साठलेली टाकी सापडते.

करा: प्लग काढा, वायर गुंडाळा, पंप बाहेर काढून पुसून घरात ठेवा. वुडवूलच्या ताट्या फेकून द्या. ठेवल्या तर उंदीर घर करतात. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ताट्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवा, त्या पुढच्या वर्षी चालतात. टाकी पालथी घालणं शक्य नसेल तर तिच्या तळाचं बूच काढून ठेवा आणि बूच वायरलाच बांधा, नाहीतर पुढच्या होळीला ते सापडणार नाही.

टाळा: ओल्या कूलरवर प्लास्टिक घट्ट गुंडाळणं. आतल्या आत पत्रा गंजतो. जुनं गोणपाट टाकलं तरी पुरे.