जर्मनीत शिक्षक होण्याचे शिक्षण

परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली की आपल्या घरांतून यंत्रशास्त्र, संगणक आणि वैद्यक ह्यांचीच नावे प्रथम ऐकू येतात. जर्मनीला जाऊन शाळेत शिक्षक व्हावे, असे म्हणणारा मुलगा किंवा मुलगी विरळाच. तथापि कोणी बारावीनंतर, कोणी बी. एस्सी. झाल्यावर, तर कोणी बी. एड. करून दोन-चार वर्षे शिकविल्यानंतर ह्या वाटेची चौकशी करू लागतो. इंजिनियर मुलाच्या अनुभवाची माहिती शेजारीपाजारी मिळते; ह्या वाटेची मिळत नाही. आणि दोन्ही वाटा सारख्याच आहेत अशा समजुतीने पाऊल टाकल्यास पैसा व उमेदीची वर्षे दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. जर्मनीत शिक्षकाची पदवी म्हणजे निम्मीच वाट होय. उरलेली निम्मी वाट शाळेतून जाते, आणि ती चालायला पैशापेक्षा भाषा अधिक लागते. हा एवढाच मुद्दा प्रस्तुत लेखात उलगडून सांगावयाचा आहे.

परंपरा

आपल्याकडील अध्यापक विद्यालयांतून पाठाची जी पंचपदी पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली तिचे मूळ जर्मनीतच आहे. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्या तत्त्वज्ञाच्या विचारांना त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पायऱ्यांचे रूप दिले. फ्रीडरिश फ्रोबेल ह्याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांकरिता खेळातून शिक्षण देणारी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. पुढे म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख गेओर्ग केर्शेनस्टायनर ह्यांनी हाताच्या कामाला शाळेत मानाचे स्थान दिले. हैदराबादेत जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन ह्यांनी १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांच्यावर केर्शेनस्टायनरच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. आणि १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. तेव्हा जर्मन अध्यापनशास्त्र आपल्याला अगदीच परके नाही.

ह्या परंपरेतील एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात सहसा येत नाही. प्रशियाच्या राज्याने १८१० सालीच वरिष्ठ शाळांच्या शिक्षकांकरिता स्वतंत्र परीक्षा सुरू केली. तेव्हापासून शिक्षक कोणी व्हावे हे केवळ विद्यापीठ ठरवीत नाही, शासनही ठरविते. आजची सारी व्यवस्था ह्याच पायावर उभी आहे.

शिक्षणाचा क्रम

जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. ह्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद १९४८ पासून एकसूत्रता राखण्याचा यत्न करीत असली, तरी नियम प्रत्येक राज्याचे निराळेच. म्हणून 'जर्मनीत काय लागते?' असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. 'बव्हेरियात काय लागते?' किंवा 'बर्लिनमध्ये काय लागते?' असे विचारावे.

विद्यार्थ्याला आरंभीच दोन निर्णय करावे लागतात. पहिला शाळेच्या प्रकाराचा. प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चार वर्षांची आहे, बर्लिन व ब्रांडेनबुर्ग येथे सहा वर्षांची. तिच्या पुढे विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियुम, मधल्या दर्जाच्या शाळा, एकत्र शाळा, धंदेशिक्षणाच्या शाळा आणि विशेष गरजांच्या मुलांच्या शाळा असे फाटे फुटतात. ह्या प्रकारांकरिता शिक्षकांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असतात. दुसरा निर्णय विषयांचा. जर्मन शिक्षक सामान्यतः दोन विषयांचा असतो: गणित व भौतिकशास्त्र, इंग्रजी व इतिहास, अशा जोड्या. दोन्ही विषय विद्यापीठाच्या पातळीवर शिकावयाचे, आणि त्यांच्या जोडीला अध्यापनशास्त्र.

हा अभ्यास बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची बॅचलर व सुमारे दोन वर्षांची मास्टर पदवी असा विभागलेला आहे. बव्हेरियासारख्या काही राज्यांत त्याच्या शेवटी पहिली शासकीय परीक्षा होते. त्यानंतर खरी उमेदवारी सुरू होते. तिला 'रेफरेंडारियाट' म्हणतात. राज्यानुसार ती १२ ते २४ महिन्यांची असते. उमेदवार एका शाळेत नेमला जातो, आठवड्यातील काही तास स्वतःच्या जबाबदारीवर शिकवितो, आणि प्रशिक्षण केंद्रातही हजेरी लावतो. केंद्रातील मार्गदर्शक वर्गात मागे बसून पाठ पाहतात. पाठाचे टाचण आधी द्यावे लागते आणि नंतर प्रत्येक पायरीचा जाब द्यावा लागतो. आपल्याकडे बी. एड. केलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की येथे ते महिनोन्‌महिने चालते. ह्या काळात शासन विद्यावेतन देते. शेवटी दुसरी शासकीय परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावरच तो पूर्ण शिक्षक. सारा हिशेब केला तर साधारण साडेसहा-सात वर्षे होतात.

भाषा

विद्यापीठातील प्रवेशाला जर्मन भाषेची सी-१ पातळी सामान्यतः लागते. शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला काही ठिकाणी त्याहून वरची सी-२ मागतात. परंतु प्रमाणपत्राचा अर्थ वर्गात गेल्यावर कळतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला मोजक्या शब्दांत निभावून नेता येते. शिक्षकाला तसे करता येत नाही. दहा वर्षांचे मूल आपले उत्तर का चुकले ते अडखळत, बोलीभाषेत सांगते. ते कळले नाही तर गणिताचा गाढा पंडितही त्या मुलाला शिकवू शकणार नाही. पालकसभेत रागावलेल्या बापाची समजूतही जर्मनमध्येच घालावी लागते.

लहान लहान गोष्टीही नव्याने शिकाव्या लागतात. जर्मन लोक चोवीस हा आकडा 'चार-आणि-वीस' असा वाचतात. आपल्या चोविसातही चार आधी व वीस नंतर येतात, म्हणून मराठी माणसाला ही रीत इंग्रजापेक्षा सोपी जाते. उलट साडेतीन लिहिताना तेथे ३ व ५ ह्यांच्यामध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो. भागाकाराचे चिन्ह म्हणजे एकाखाली एक दोन टिंबे. गुणपत्रिकेत १ हा सर्वांत उत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट शेरा.

कोठे फसगत होते

एक. इंग्रजी माध्यमातील शिक्षणशास्त्राच्या मास्टर पदव्या जर्मन विद्यापीठांत मिळतात. संशोधन किंवा संस्थांचे प्रशासन ह्यांकरिता त्या उपयुक्त आहेत. पण त्यांच्या बळावर सरकारी शाळेत शिक्षक होण्याची पात्रता येत नाही. नावातील 'एज्युकेशन' ह्या शब्दावर विसंबू नये.

दोन. आपला एकाच विषयाचा बी. एस्सी. शिक्षकाच्या मास्टर अभ्यासक्रमाला सहसा पुरत नाही, कारण दुसरा विषय व अध्यापनशास्त्र दोन्ही कमी पडतात. काही राज्यांनी शिक्षकांच्या टंचाईमुळे निराळे दरवाजे उघडले आहेत, पण ते राज्य व विषय पाहून.

तीन. आपले बी. एड. तेथे आपोआप चालत नाही. ज्या राज्यात नोकरी करावयाची त्या राज्याकडे तुलनेकरिता अर्ज करावा लागतो आणि उणीव असेल ती पुढील अभ्यासाने भरावी लागते. युद्धामुळे देश सोडून आलेल्या शिक्षकांकरिता पोट्सडाम विद्यापीठाने २०१६ साली खास वर्ग सुरू केला. तेथे आलेले लोक आपापल्या देशांत शिक्षक म्हणून काम केलेले होते. तरी त्यांच्यापुढे मुख्य अडचणी दोनच आल्या: जर्मन भाषा आणि दुसरा विषय. ह्याहून स्पष्ट दाखला दुसरा नको.

चार. कायम सरकारी सेवकाचा दर्जा सामान्यतः जर्मन किंवा युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळतो. इतरांना कराराने नेमतात. काम तेच, पण निवृत्तिवेतन व हाती पडणारा पगार ह्यांत फरक पडतो.

प्रवेश व खर्च

केवळ बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतातील विद्यापीठात त्याच विषयाचे एक वर्ष यशस्वीपणे पुरे केले, तर वाट सुकर होते; एरवी 'श्टूडियनकोलेग' नावाचा पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाच्या अर्जापूर्वी भारतीय विद्यार्थ्याला आपली प्रमाणपत्रे दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी संलग्न अशा ए. पी. एस. केंद्राकडून तपासून घ्यावी लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही; तथापि बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेण्यास आरंभ केला. निर्वाहाकरिता बांधीव खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखविण्याचा नियम सप्टेंबर २०२४ पासून झाला. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. ही मुभा संपूर्ण खर्च भागविण्याकरिता आहे असे कोणी धरून चालू नये. शाळेतील सरावाच्या महिन्यांत बाहेर काम करण्यास वेळच उरत नाही. रकमा व नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते ताजे पाहून घ्यावेत.

विद्यार्थ्यांना व मदत करणाऱ्यांना

जाणाऱ्याने प्रथम एका प्रश्नाचे उत्तर मनाशी निश्चित करावे: मी शिकवणार कोठे? जर्मनीतच राहावयाचे असेल, तर ही सात वर्षांची वाट योग्य आहे. गणित, विज्ञान आणि धंदेशिक्षण ह्यांच्या शिक्षकांची तेथे चणचणही आहे. परत येऊन येथील शाळेत शिकवावयाचे असेल, तर आधी येथे बी. एड. करावे आणि मग थोड्या मुदतीच्या अभ्यासाकरिता जावे हे बरे, कारण दुसऱ्या शासकीय परीक्षेची किंमत त्याच देशाच्या शाळांत आहे.

बडोद्याच्या महाराज सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्याकरिता शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार आधीच लिहून घेतला होता. आजच्या काळात कोणी असा करार लिहून घेणार नाही. पण शिकून काय करावयाचे हे निघण्यापूर्वीच ठरविण्याची ती शिस्त आजही कामाची आहे.

आपल्यासारख्या धर्मादाय संस्था विद्यार्थ्याला बहुधा विमानभाडे देतात. निरोपसमारंभात ते देणे शोभूनही दिसते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला मात्र मदतीची खरी गरज त्याच्या आधी दीड-दोन वर्षे असते, जेव्हा नोकरी सांभाळून किंवा सोडून तो जर्मनच्या वर्गाला बसतो, परीक्षेचे शुल्क भरतो आणि घरच्यांना काही दाखविण्याजोगे हाती नसते. त्या वेळी वर्गाची फी, पुस्तके व परीक्षेचा खर्च कोणी उचलला तर तो पैसा सर्वांत अधिक फळ देईल. शिवाय ज्याला भाषा झेपत नाही त्याला ते येथेच, थोड्या खर्चात कळेल आणि तो दुसरी वाट धरील. आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पुढील वर्षाच्या शिष्यवृत्त्या ठरविताना ह्याचा अवश्य विचार करावा, एवढे सुचवून हा लेख पुरा करतो.